नळीवरचा काळा लेप

निनाद आणि ईरा,

मागच्या महिन्यात निनाद परदेशातून फोनवर सांगत होता की सासऱ्यांबरोबर हरणाच्या शिकारीला जायचं म्हणून त्याने रायफल घेतली आहे, सगळी स्टेनलेस स्टीलची. "आजी, हिला काही करावंच लागत नाही. पाऊस असो, बर्फ असो, गंज चढतच नाही." मी विषय बदलला. बोलायला लागले असते तर एका माणसाबद्दल बोलावं लागलं असतं, आणि तो माणूस फोनवर सांगण्यासारखा नाही. ईरा, तूही विचारत असतेस की बुलढाण्याकडे, चिखलीला, आम्ही काय करायचो. दोघांसाठी एकदमच लिहिते. माझं अक्षर अजून ओळीत राहतं आहे, तोवर हे झालेलं बरं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. तुमचे आजोबा चिखलीच्या कोर्टात वकिली करत आणि मी तिथल्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत असे. उत्तमराव सर त्याच शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, सदऱ्याच्या वरच्या खिशात पेन आणि खालच्या खिशात जुन्या धोतराचा एक तुकडा, तेलात बुडवून पिळलेला. त्या खिशाला कायम तेलकट डाग असायचा. कुणाच्या घरी गेले की ते आधी दाराच्या कडीवरून बोट फिरवत, मग माणसांकडे बघत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा चहा येईपर्यंत त्यांनी माझी शिवणाची कात्री, अडकित्ता आणि खिडकीचे दोन गज पुसून टाकले होते. आजोबा म्हणाले, "सर, बसा तरी." ते म्हणाले, "बसलोच हाय न वकीलसाहेब. हात मोकळे होते."

वर्गात ते अगदी शुद्ध बोलत. वर्गाचा उंबरठा ओलांडला की आपल्या बीबी गावचे होत. लोणारजवळच्या बीबीला त्यांची मोठी शेती होती आणि धाकटा भाऊ साहेबराव ती बघत असे.

माणसांबद्दल त्यांचं एक वेगळंच मोजमाप होतं. कुणाच्या घामाने लोखंड लवकर गंजतं, कुणाच्या घामाने नाही, हे ते लक्षात ठेवत. शाळेच्या तपासणीच्या वेळी आमच्या हेडमास्तरांनी प्रयोगशाळेतल्या नव्या सुऱ्या हातात घेऊन पाहुण्यांना दाखवल्या. काही दिवसांनी उत्तमराव त्यातली एक सुरी घेऊन स्टाफरूममध्ये आले. पात्यावर तांबूस रंगाचा अंगठा उमटला होता, रेघा मोजता याव्यात इतका स्पष्ट. त्यांनी ती टेबलावर हेडमास्तरांच्या हाताशेजारी ठेवली.

"साहेब, हा तुमचा."

"माझा कशावरून?"

"लावून पाहा न."

हेडमास्तरांनी खरोखरच लावून पाहिला. सगळे हसत होते, उत्तमराव मात्र गंभीर. "राग नका मानू. मीठ जास्त हाय तुमच्या हातात. तुमची चूक नाही, पण लोखंडाले ते समजत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाईंचा घाम चांगला हाय." इतकी विचित्र तारीफ माझी नंतर कुणी केली नाही.

हे वेड त्यांना एका रायफलीमुळे लागलं होतं. कुणी गोरा जंगल अधिकारी विलायतेला परत जाताना ती त्यांच्या वडिलांना देऊन गेला होता. तिची नळी स्टेनलेसची होती. त्या काळात ती नवलाईच. आता तुम्ही म्हणाल, स्टेनलेस नळी तर पांढरी चमकणार. तसं नव्हतं. साध्या पोलादाला निळाकाळा रंग चढवतात तो या पोलादावर धरत नसे, म्हणून बनवणाऱ्याने तिच्यावर भट्टीत भाजलेला काळा लेप दिला होता. उत्तमराव सांगत, "लेप दोन कामं करते. जनावराच्या डोळ्यात चमक जाऊ देत नाही, अन् मीठ बाहेर ठेवते." मी विचारलं, "स्टेनलेसला कशाला पाहिजे लेप?" तेव्हा ते मान हलवायचे. "गंजत नाही असं पोलाद नाही, बाई. कोणाले वेळ लागते, कोणाले लागत नाही. अन् हे पोलाद गंजते तेव्हा वरून दिसत नाही. टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडते अन् आत आत जाते. जोंधळ्यात किडा जाते तसं."

वडील रानडुकरांवर आणि रोह्यांवर, म्हणजे नीलगाईंवर, ती चालवत. पिकं राखायला तेव्हा तसा परवाना मिळत असे. साहेबरावचा नेम चांगला होता, त्यामुळे वडील त्याला बरोबर नेत. उत्तमरावांनी आयुष्यात एकदाही गोळी झाडली नाही. आवाजाने ते दचकत. त्यांचं काम मागचं होतं. वडील शिकारीवरून आले की उत्तमराव ओसरीवर रायफल उघडून बसत, नळीतून चिंधी ओढत, तेल देत, आणि वडील शेजारच्या बाजेवर पडून ते बघत राहत. एरवी वडील त्यांच्याशी बोलत नसत. शिकून मास्तर झालेला मोठा मुलगा म्हणजे त्यांच्या दृष्टीने वाया गेलेला. एकदाच, उत्तमरावांनी मला सांगितलं, वडील झोपेतून बोलल्यासारखे म्हणाले, "उत्तम, तू हाय म्हणून हे टिकलं." एवढंच. बार भावाचा आणि पुसणं यांचं, अशी त्यांची वाटणी होती, आणि तीत ते सुखी होते.

वडील अचानक गेले. शेताची वाटणी दोघा भावांत, चार माणसांसमोर, गोडीने झाली. रायफल मात्र दोघांनाही हवी होती. दोघांनीही परवान्यासाठी अर्ज केले, दोघांनीही एकमेकांच्या अर्जाला हरकत घेतली, आणि वारस ठरेपर्यंत ती पोलीस ठाण्याच्या मालखान्यात जमा झाली.

आजोबा उत्तमरावांना म्हणाले, "अहो, तुम्ही गोळी झाडत नाही. तुम्हाला ती कशाला?"

"साहेबराव उडवते चांगली. पण ठेवत नाही. त्याच्या हाती गेली तर दोन पावसाळ्यांत गंजून जाईन ती."

"कोर्टाला हे कारण सांगता येत नाही."

"मंग कोर्टाले काय कारण पायजे ते तुम्ही लिहा. माहं कारण हेच हाय."

आणि मग पावसाळा आला. मालखाना म्हणजे ठाण्यामागची पत्र्याची खोली. आत चोरीच्या सायकली, दारूचे डबे, कुऱ्हाडी, आणि कोपऱ्यात उभी ती रायफल. उत्तमरावांनी फक्त तेल देण्याची परवानगी मागितली. इंग्रजी अर्जाला बुलढाण्याच्या जिल्हा कचेरीत जास्त मान मिळतो असं त्यांना वाटे, म्हणून मी ते लिहून द्यायचे. ठेवलेल्या वस्तूस मालकांपैकी एकास, पोलिसांच्या देखत, वेळोवेळी तेल लावण्याची मुभा असावी, अशी विनंती. तेलाने कुणाचा हक्क सिद्ध होणार नाही, हेही मी त्यात घालत असे. उत्तर येत नसे. शेवटी फौजदारांनी तोंडीच सांगितलं की तशी तरतूद नाही, आणि मुद्देमालाला हात लावू दिला तर उद्या दुसरा भाऊ त्यांच्यावरच उलटेल.

उत्तमरावांनी मग आपलं स्वतःचं औषध बनवायला घेतलं. साधं तेल पावसात टिकत नाही, म्हणून. धनगरांकडून मेंढीची कच्ची लोकर आणली, ती पाण्यात उकळून वर येणारी चरबी काढली, तिच्यात मधाच्या पोळ्याचं मेण आणि थोडं रॉकेल मिसळलं. त्यांच्या पत्नी वत्सलाबाईंनी पहिल्या उकळीलाच पातेलं बाहेर फेकलं, तेव्हा ते आमच्या परसात आले. तो वास मी कसा सांगू? ओल्या मेंढ्यांचा कळप स्वयंपाकघरात शिरला आहे असं वाटे. शेजारच्या काकू भिंतीवरून विचारत, "मास्तर, काय मेलं म्हणायचं?" उत्तमराव ढवळत म्हणत, "मेलं नाही काकू. मरू नये म्हणून करून राह्यलो."

शेवटी पिवळसर, घट्ट असं काहीतरी झालं. त्यांनी एका खिळ्याला ते लावलं, खिळा मिठाच्या पाण्यात टाकला, आणि महिनाभर तो जसाच्या तसा राहिला. तो खिळा ते खिशात घेऊन फिरत आणि ज्याला त्याला दाखवत. त्या दिवसांत ते जितके आनंदात होते तितके मी त्यांना पुन्हा पाहिले नाहीत.

डबी घेऊन ते ठाण्यात गेले. स्वतः लावू देत नाही तर निदान तुम्ही लावा, अशी त्यांनी मालखान्याच्या हवालदाराला गळ घातली. हवालदार भला माणूस होता. हो म्हणाला, डबी ठेवून घेतली. काही आठवड्यांनी उत्तमराव दुसरी डबी घेऊन गेले, मी बरोबर होते, कारण आम्ही शाळेतून परतत होतो. हवालदार पायरीवर बूट काढून बसला होता.

"सर, लई गुणकारी हाय हो तुमचं औषध. हे पाहा." त्याने पाय वर करून टाच दाखवली. "भेगा पार भरल्या. घरचीबी लावते आता."

"अन् बंदुकीले?"

"बंदुकीले काय धाड भरली? इस्टीलची हाय म्हणता न तुम्ही."

उत्तमराव त्याच्या बाजूने वर गेले. त्यांनी मालखान्याच्या गजांना डोळा लावला. मीही पाहिलं. पत्र्याला जिथे खिळा होता तिथून पाणी झिरपत होतं आणि रायफल ज्या पोत्याला टेकवली होती ते मिठाचं पोतं होतं, कुठल्या तरी चोरीतलं.

दुसऱ्या दिवशी ते आजोबांकडे आले आणि म्हणाले, "मी हक्क सोडतो. कागद करा."

आजोबांनी त्यांना समजावलं की प्रकरण आपल्या बाजूने जाऊ शकतं, थोडा धीर धरा. "तुमच्या कोर्टाले धीर हाय, वकीलसाहेब. पोलादाले नाही." भावाकडून काही अट लिहून घ्यायची का, असं आजोबांनी विचारलं, तर म्हणाले, "भावाकडून कागद काय घ्यायचा?" त्यांनी साहेबरावला कोर्टाच्या व्हरांड्यातच सांगितलं की काळ्या लेपाला धक्का लावू नको, आणि पावसाळ्याआधी आणि नंतर मला ती पुसायला एकेक दिवस येऊ दे. साहेबराव त्यांच्या पाया पडला. आडव्या बांध्याचा, मोकळ्या मनाचा माणूस. त्याचे डोळे भरून आले होते. "दादा, घर तुहंच हाय. विचारतं काय?"

मला वाटलं, मिटलं सगळं.

रायफल सुटली ती भादव्यात. दसऱ्याला साहेबरावने आम्हा सगळ्यांना बीबीला जेवायला बोलावलं. आजोबा, मी, उत्तमराव आणि वत्सलाबाई, असे जीपने गेलो. उत्तमरावांच्या मांडीवर डबी होती. ओसरीवर पाट मांडून शस्त्रांची पूजा केलेली होती. नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड, मापं, स्क्रू काढायचा पेचकस, आणि मधोमध झेंडूच्या माळेत रायफल. तिची नळी आरशासारखी पांढरी चमकत होती.

साहेबराव दारातच उभा होता, नवं धोतर नेसून. "दादा, पाह्य हे. तुह्यासाठी केलं. त्या मालखान्यात लेपाचे पोपडे निंगाले होते. म्हटलं, दादा पाहीन तर त्याचा जीव जाईन. म्हणून पार काढूनच टाकला. खालून अस्सल इस्टील निंगालं. आता कायचा गंज अन् कायचं तेल."

त्याची बायको कमलाबाई कौतुकाने म्हणाली, "मीच उकळली भाऊजी. खाराच्या पाण्यात. दोनदा."

लोणारच्या तळ्याच्या काठावर उन्हाळ्यात पांढरा खार साचतो. त्या भागात बायका धुण्याला तो वापरत. जुना रंग, जुनं तेल, काहीही त्यात उकळलं की सुटून येतं. घरातली नवी स्टीलची भांडीही कमलाबाई त्यानेच लखलखीत ठेवत. त्या घरात कुणी वाईट हेतूने काही केलं नव्हतं. मोठ्या भावाला आवडावं म्हणून केलं होतं.

उत्तमराव पाटासमोर बसले. जिथे नळी लाकडात बसते त्या फटीवरून त्यांनी करंगळी फिरवली आणि ती जिभेला लावली. "वल्लीच बसवली काय लाकडात?"

"पुसली न वरून."

"खारात नुसता सोडाच नसते साहेबराव. मीठबी असते. ते लाकडात जाऊन बसलं. पेचकस दे, खोलून धुतो."

साहेबराव हसला. "आज? पूजेतलं हत्यार? दादा, शिलंगण झाल्याबिगर कोणी उचलते काय? पेचकसबी पूजेतच हाय."

"दे म्हणतो न."

"आज राह्य. उद्या खोल."

उत्तमरावांना उद्या शाळा होती, जीप संध्याकाळी परतणार होती. पण ते कारण नव्हतं. ते राहू शकले असते. इतके महिने गजांबाहेरून बघितलेली वस्तू आता हाताशी होती आणि तिला हात लावता येत नव्हता, याने त्यांचं काहीतरी सुटलं. ते उठून उभे राहिले आणि सगळ्यांसमोर, पोरांसमोर, पूजेसमोर म्हणाले, "मंग ऐक. आता ही उडवशील तर तुहा हात घेऊन जाईन ही."

 कमलाबाईंनी पदर तोंडाला लावला. सणाच्या दिवशी, पूजेत मांडलेल्या शस्त्राला मोठ्या भावाने असं बोलायचं म्हणजे शापच, हे तिथल्या सगळ्यांना कळलं होतं. उत्तमरावांना मात्र जीपमध्ये बसल्यावर कळलं. आम्ही न जेवता निघालो होतो.

त्यानंतर ते जाणाऱ्या येणाऱ्या प्रत्येकाबरोबर निरोप पाठवत. बीबीकडे जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरला तो तोंडपाठ झाला होता. लाकूड खोल, गोड्या पाण्याने धू, उन्हात वाळव, तोवर बार काढू नको. एकदा कंडक्टरने उलट निरोप आणला. "साहेबरावजी म्हणते, बंदूक वापस पायजे असन तर दादानं सरळ मागावं. आडून काऊन भीती दाखवते?" वत्सलाबाई एकट्या बीबीला जाऊन आल्या. कमलाबाईंनी त्यांना ओसरीच्या आत येऊ दिलं नाही.

एक पावसाळा तसाच गेला. पुढच्या थंडीत ज्वारी हुरड्यात आली, डुकरं शेतात शिरायला लागली, आणि एका पहाटे साहेबरावने बार काढला. नळी बुडाशी, लाकडाच्या आत, फाटली. डाव्या हाताची बोटं गेली आणि डावा डोळा गेला.

नंतर पोलिसांनी मलकापूरच्या एका बंदूक दुरुस्त करणाऱ्याला नळी दाखवली. लाकडाखालच्या बाजूला टाचणीसारखी भोकं होती, असं तो म्हणाला. काडतूसही फार जुनं होतं, असंही तो म्हणाला. दोन्हींपैकी कशाने झालं, हे त्याला सांगता आलं नाही, आणि मलाही ठरवता येत नाही.

आम्ही बुलढाण्याच्या दवाखान्यात गेलो. अर्धा चेहरा पट्टीत, हात पट्टीत. उत्तमराव खाटेजवळ गेले तेव्हा साहेबरावने उरलेला डोळा उघडला आणि अगदी हळू, रागही नव्हता आवाजात, म्हणाला, "झालं न दादा, तुह्या मनासारखं. तुह्याच जिभेनं झालं."

"साहेबराव, मीठ होतं रे ते. मी तुले सांगतच होतो."

"सांगत नव्हता. बोलला तू. देवापुढं बोलला."

बाहेर आल्यावर उत्तमराव व्हरांड्यातल्या बाकावर बसले. सगळं आयुष्य त्यांनी पोरांना शिकवलं होतं की प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि ते शोधता येतं. मला म्हणाले, "बाई, असं होत असन काय?"

मी म्हणाले, "नाही. असं होत नसतं."

"हाव. मीठच असन." त्यांनी खिशातला तेलकट तुकडा काढून बाकाच्या कडेवरून फिरवला. "पण मी बोललो, हेही खरं हाय न."

  तुम्ही दोघंही विज्ञान शिकला आहात, याचं उत्तर तुम्हाला सापडलं तर बघा.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मलकापूर स्टेशनवर. साहेबरावचा उरलेला डोळाही अधू व्हायला लागला होता म्हणून त्याला नागपूरला न्यायचं होतं. आमचाही चिखलीतला मुक्काम संपला होता, आजोबांनी नागपूरला वकिली हलवायचं ठरवलं होतं, आणि योगायोगाने आम्ही त्याच गाडीने निघालो होतो. साहेबराव बायकोच्या खांद्यावर हात ठेवून बाकावर बसला होता. उत्तमराव दुसऱ्या टोकाला, हातात दोन पिशव्या आणि थर्मास घेऊन. गाडी आली. कमलाबाईंनी साहेबरावला वर चढवलं, मग खाली वळून पिशव्या घेतल्या, थर्मास घेतला, आणि म्हणाल्या, "भाऊजी, ते म्हणते, तुम्ही नका येऊ."

उत्तमरावांच्या मुठीत तिकीट होतं. त्यांनी ते उलटून पाहिलं, जणू त्यावर काही लिहिलेलं असावं. मी डब्याच्या दारात होते. "सर, चढा हो," मी म्हणाले. ते माझ्याकडे बघून ओळखीचं हसले, पण जागचे हलले नाहीत. गाडी सुटली तेव्हा ते साहेबरावच्या खिडकीच्या बाजूने चालत होते, खिडकीपासून थोडं अंतर ठेवून. साहेबराव पलीकडे तोंड करून बसला होता. मग फलाट संपला.

उत्तमराव निवृत्त झाल्यावर बीबीला वडिलांच्या घरात, आपल्या वाट्याच्या अर्ध्यात, राहायला गेले आणि तिथेच वारले. साहेबराव त्यांच्या आधी गेला. मी काही वर्षांपूर्वी लोणारला गेले होते तेव्हा वाट वाकडी करून बीबीला उतरले. अंगणाच्या मधोमध एक भिंत आहे. साहेबरावने नागपूरहून परत आल्यावर ती घातली, असं कळलं. दोन्हीकडे आता नातवंडं राहतात. ती एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण कशावरून झालं हे मी विचारलं, तर एका बाजूला शेताच्या बांधावरून असं सांगितलं, दुसऱ्या बाजूला ठाऊक नव्हतं. भिंत चांगली आहे. दर पावसाळ्यानंतर दोन्हीकडचे आपापल्या बाजूने तिला चुना देतात.